चाळीस बालकविता हातात आहेत, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे चाळीसेक बालकविता लिहून तयार आहेत. एक प्रकाशक म्हणतो, ३५,००० रुपये भरा, पुस्तक काढून देतो. त्यांना बालसाहित्य आणि वाचनप्रसार हेच पूर्णवेळ करायचं आहे. नोकरी सोडावी का, पैसे भरावेत का, घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठीत लिहिताना भाषा कशी ठेवावी, आणि टोपणनाव घ्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी फोंड्याकडचा. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. त्यातली शेवटची वीसेक वर्षं मुलांसाठी लिहिण्यात आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन वाचून दाखवण्यात गेली. निवृत्तीनंतर वाचून दाखवणं वाढलं, लिहिणं कमी झालं.

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

हिशोबच मांडू. मुलांचं पुस्तक ८० रुपयांना घेताना पालक दोनदा विचार करतात. त्यावर १० टक्के रॉयल्टी मिळाली आणि ती चित्रकाराबरोबर वाटून घ्यावी लागली नाही, तर तुमच्या हातात प्रतीमागे ८ रुपये. हजाराची आवृत्ती संपली की ८,००० रुपये, आणि ती तीन-चार वर्षांत संपली तरी पेढे वाटा. मराठीत मुलांसाठी ज्यांनी उत्तम लिहिलं त्यांची पोटापाण्याची सोय वेगळीच होती. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत. मंगेश पाडगावकर मुंबईत अमेरिकी माहिती खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. आपले बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, आधी शिक्षक होते आणि पुढे आकाशवाणीत गेले. बालकवितेवर यांच्यापैकी कोणाचीही चूल पेटली नाही.

शिवाय तुमच्याकडे रोज सकाळी पंधरा-वीस मुलं आपणहून समोर येऊन बसतात. तेवढ्यासाठी आम्हा बाहेरच्या कवींना मुख्याध्यापकांना पत्रं लिहावी लागतात, तारखा मागाव्या लागतात आणि ऐनवेळी "आज स्नेहसंमेलनाची तालीम आहे" म्हणून परत यावं लागतं. कवितेला लागणारा कच्चा माल तुमच्या वर्गात बसलेला आहे. तो सोडून कुठे जाणार?

सरकारी नोकरीत लिहिता येतं का, ही शंका तुमच्या प्रश्नात नाही, पण शिक्षकखोलीत कोणीतरी ती काढतंच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १५ वाचून ठेवा. कामात कसूर होणार नसेल तर साहित्यिक, कलाविषयक स्वरूपाचं प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येतं. पण दर शनिवारी ठरलेल्या मानधनावर शिबिरं घ्यायची झाली तर तो प्रासंगिक प्रकार राहत नाही. तेव्हा आधी कागद करा.

मानधनाचं म्हणाल तर आमच्या घरात शाली इतक्या झाल्यात की एक भाचा लग्नात त्यांचा मंडप घालू या म्हणाला होता. श्रीफळाची निदान सोलकढी तरी होते. आता मी कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना पहिल्याच फोनवर विचारतो, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? पहिली पाच वर्षं हे विचारायची लाज वाटली, आणि काणकोणपर्यंतच्या फेऱ्या पदरच्या पेट्रोलवर झाल्या.

आता ते ३५,००० रुपये. पैसे भरून पुस्तक काढणं हे काही पाप नाही. मीही काढलं. प्रकाशक कुठला ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. छापलेल्या हजार प्रतींपैकी शंभर त्याने ठेवल्या आणि उरलेल्या नऊशे टेंपोत घालून माझ्या दारात आणून उतरवल्या. त्या दिवशी मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. वाटून-विकून दोनशे-अडीचशे गेल्या, बाकीचे गठ्ठे माळ्यावर चढवले. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या श्रावणात गठ्ठा उघडला तर मुखपृष्ठावरच्या हत्तीला हिरवट लव आली होती आणि मधली पानं एकमेकांना चिकटली होती. ऑगस्टात ऊन पडेल तेव्हा बायको पापडांसारखी पुस्तकं वाळत घालायची. म्हणून प्रकाशकाला पहिला प्रश्न विचारायचा तो कागदाच्या जाडीचा नव्हे. किती प्रती छापणार, त्या कोणाच्या घरात राहणार आणि विकणार कोण, हे विचारा. तिन्हींचं उत्तर "तुम्हीच" असेल तर तुम्हाला प्रकाशक मिळालेला नाही, छापखाना मिळालाय. मग सरळ छापखान्यातच जा, स्वस्त पडेल.

पैशांच्या तपशिलात "आयएसबीएन खर्च" अशी ओळ असेल तर सावध व्हा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत फुकट मिळतो आणि लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. करारात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कायदा थोडा तुमच्या बाजूने आहे, पण "कायमचे, जगभर" असं स्पष्ट लिहून तुम्ही सही केलीत तर तोही काय करणार. हे हक्क तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतात. नातवंडांचा विचार करून सही करा, असं मी गमतीने म्हणतो, पण बालकवितेच्या बाबतीत ते खरंच लागू पडतं. चांगली बालकविता कवीपेक्षा जास्त जगते. आणि चित्रांच्या हक्कांचं चित्रकाराशी ठरवून घ्या, तो कागद वेगळा.

आणखी एक. चाळीस कवितांचं पुस्तक मुलांसाठी नसतं, कवीच्या बायोडेटासाठी असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका पानावर एक कविता, समोर एक चित्र, १८ पॉइंटचा ठळक टाइप आणि हातात मावेल एवढं पुस्तक लागतं. पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत येतात. २४ पानी पुस्तकात शीर्षक वगैरे सोडून दहा-अकरा कविता बसतात. म्हणजे तुमच्या चाळिसातून तीस काढाव्या लागतील. कुठल्या काढायच्या हे तुम्ही, मी किंवा प्रकाशक ठरवू शकत नाही. ते मुलांनी ठरवायचं, आणि माझ्या उत्तराचा खरा भाग इथून सुरू होतो.

तुम्ही लेखन आणि वाचनप्रसार अशी दोन कामं मोजली आहेत. माझ्या मते ते एकच काम आहे. मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं हीच बालकवीची तालीम. ती टाळून घरी बसून लिहिलेली बालकविता लगेच ओळखू येते. तिच्यात "पर्यावरण", "सुसंस्कार", "उज्ज्वल भविष्य" असले शब्द येतात आणि शेवटच्या कडव्यात आजोबा उठून उपदेश करतात. परीक्षकांना ती आवडते. मुलं खिडकीबाहेर बघतात.

ही खिडकी माझी गुरू. मी वाचायला जाताना कवितेचा एक जादा कागद घेऊन जातो. वर्गात शिक्षकांपैकी कोणीतरी मागे बसतं. ज्या ओळीला दोनपेक्षा जास्त मुलं खिडकीबाहेर बघतील तिथे त्यांनी समासात "खि" लिहायचं. बस्स, एवढंच. मुलांना "आवडली का?" म्हणून विचारायचं नाही, कारण ती "हो" म्हणतात. पाहुण्यांना "नाही" म्हणू नये हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं. एका कवितेवर तीन-चार शाळांतून "खि" गोळा झाले की कुठे कात्री लावायची ते कळतं.

सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत मी पदेरावरची, म्हणजे पोंपों वाजवत दारोदार येणाऱ्या पाववाल्यावरची, कविता वाचत होतो. सुरुवात अशी होती:

पदेर आला भल्या सकाळी
पोंपों वाजे आळी-आळी

मात्रा पक्क्या, यमक घट्ट. मी स्वतःवरच खूश होतो. तिसरीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, अळी पोंपों कशी वाजवते?" परिसर अभ्यासात नुकतंच फुलपाखरू झालेलं, अंडं, अळी, कोश. वर्ग हसून हसून आडवा. त्या मुलाचं काय चुकलं? गोव्यात वाडा असतो. आळी मी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतून उचलली होती. हसू ओसरतंय तोवर पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "पदेर सांजेचोय येता." पदेर संध्याकाळीही येतो, तेही खरंच. म्हणजे दोन ओळींत दोन चुका, आणि कविता तोवर दोन ठिकाणी छापून आलेली!

घरी येताना स्कूटरवरच ओळी बदलल्या:

पोंपों वाजे, वाडा जागा
पदेर आला, उंडे मागा

उंडे म्हणजे आमचे गोल पाव. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे, म्हणजे ओळीला सोळा. या छंदाला पादाकुलक म्हणा किंवा म्हणू नका, पाय आपोआप ठेका धरतो. पण बघा, नुसती मात्रांची बेरीज आधीही बरोबरच होती. फरक असा पडला की आता आवाज पहिल्यांदा येतो, पदेर नंतर, जसा तो गावात येतो तसाच. सकाळ गेली, आळी गेली, आणि "मागा" म्हटल्यावर मुलं खरोखर हात पुढे करायला लागली. पुढच्या शाळेत या दोन ओळींवर एकही "खि" नव्हता.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुम्ही शिक्षिका आहात. खाली सतरंजीवर बसा, खुर्चीवर नको. पुस्तक खांद्याशी धरा, चित्र मुलांकडे. दहा-बारा मिनिटं पुरे. संपल्यावर तात्पर्य विचारू नका, नवीन शब्द लिहून आणायला सांगू नका, चित्र काढायलाही लावू नका. पुस्तक सतरंजीवर तसंच उघडं ठेवून उठा आणि फळा पुसण्याचं निमित्त करा. ते कोण उचलतं हे पाठमोऱ्यानेही कळतं. जे मूल उचलतं ते बहुतेक वेळा वर्गातलं हुशार मूल नसतं, हा माझा अनुभव.

मग अडचण येते ती कुलपाची. शाळेत पुस्तकं असतात, पण कपाटात, आणि कपाटाला कुलूप. यात शिक्षकांचा दोष कमी आहे. पुस्तक हरवलं की साठा नोंदवहीत ते कोणाच्या तरी नावावर पडतं, तपासणीला उत्तर द्यावं लागतं. एका शाळेत तर मला वीस वर्षांपूर्वी आलेली पुस्तकं दाखवली, एकाही पानाला डाग नाही. मुख्याध्यापक अभिमानाने सांगत होते. मी यावर एकच उपाय करत आलोय. शाळेच्या साठ्याला हात लावायचा नाही. मित्रमंडळींकडून, वाढदिवसाच्या भेटीतून चाळीस-पन्नास पुस्तकं वेगळी जमवायची आणि ती नोंदवहीत चढवायचीच नाहीत. वर्गात आडवी दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि त्यांना लटकलेली पुस्तकं. देवघेवीची वही चौथीच्या मुलांकडे. फाटलेलं पुस्तक परत आलं तर ओरडायचं नाही, चिकटपट्टी त्याच्याच हातात द्यायची. तीन वेळा चिकटवलेलं पुस्तक वर्गात सगळ्यात जास्त मागणीचं असतं. पुढचं पुस्तक काय लिहावं हे मला अशा चिकटपट्ट्यांकडे बघूनच सुचलंय.

ग्रंथालयांची आपल्याकडे परंपरा मोठी. पणजीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची. आज ते शहरातल्या पाटो भागात, गोव्याचे जुने कवी कृष्णदास शामा यांच्या नावाने उभं आहे, मुलांचा विभागही आहे. तुमच्या मुलांची एक सहल तिथे न्याच. पण केरी-सत्तरीच्या मुलाला दर आठवड्याला पणजी परवडत नाही. त्याच्यासाठी दोरीच बरी. पणजीतल्या बुकवर्म या मुलांच्या वाचनालयाची मंडळी मुलांबरोबर पुस्तकं घेऊन कशी बसतात, तेही एकदा बघून या. त्यांचं बरंचसं काम इंग्रजीतून चालतं, पण मुलांच्या हातात पुस्तक कसं द्यायचं ते भाषेपलीकडचं आहे.

भाषेचा प्रश्न तुम्ही जरा घाबरत घाबरत विचारलाय असं वाटलं. गोव्यात ते साहजिक आहे. १९९० पासून प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमाला होतं. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही द्यायचं ठरलं आणि केवढं रान पेटलं ते तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण आपल्या मराठी शाळांत आज कोण बसतं ते डोळे उघडून बघायला हवं. घरी कोकणी बोलणारी मुलं, आणि कामासाठी आलेल्या कुटुंबांतली कानडी, हिंदी बोलणारी मुलं. मराठी यांतल्या फार थोड्यांची घरची भाषा. मग "शुद्ध" मराठी कविता कोणासाठी लिहायची?

एकदा पावसाळ्यात फोंड्याजवळच्या शाळेत बेडकाची कविता घेतली. "बेडूक" म्हटल्यावर अर्धा वर्ग गप्प. मी डराव डराव केलं तशी मुलं ओरडली, "बेबो!" कोपऱ्यात बसलेली एक मुलगी महिनाभर शाळेत येत होती आणि टीचरांच्या म्हणण्याप्रमाणे एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "कप्पे." कानडीत बेडकाला कप्पे म्हणतात. मी तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि पोरांनीच ते म्हणायला सुरुवात केली:

बेबो, कप्पे, बेडूकराव!
बेबो, कप्पे, बेडूकराव!

मोजून बघा, सोळा मात्रा. ना मी लिहिली, ना त्यांना कोणी छंद शिकवला. माझी कागदावरची कविता त्या दिवशी कोणी ऐकलीच नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे ती ओळ तशीच ठेवून मी तिच्याभोवती कविता लिहिली.

म्हणून घाबरू नका. बाकीबाबांनी दोन्ही भाषांत लिहिलं, आणि मुलांना तर भाषांच्या मधली भिंत दिसतच नाही. मराठीचं वाक्य मराठीचं ठेवा, क्रियापदं नीट वापरा, पण वस्तूंची नावं गावची येऊ द्या. उंडो, बेबो, खाजन म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, मानस म्हणजे तिथला पाण्याचा दरवाजा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, माटोळीत (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) काय काय बांधतात ते मुलांना विचारा, कांगलां, आटकां, तोरिंगं, सुपारीचा कातरा... नुसती यादीच कविता होऊन बाहेर पडते. तळटीप देऊ नका. सांगलीच्या मुलाला उंडो कळला नाही तर तो चित्रात बघेल. आपण नाही का लहानपणी न पाहिलेली बर्फाची घरं वाचली?

छापून येण्याचं त्या मानाने सोपं आहे, थोडक्यात सांगतो. कविता सुट्या पाठवा, गठ्ठ्याने नको. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे, तिथे पाठवा. गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या मुलांच्या पानांना चांगला मजकूर नेहमी हवा असतो. पावसावरची कविता पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या दोन महिने आधी. दिवाळी अंकांचं तसंच, चवथीच्या कितीतरी आधी. नॅशनल बुक ट्रस्ट मराठीतही मुलांची पुस्तकं काढतो. उत्तर यायला वेळ लागतो, पण तिथे पैसे भरा म्हणणारं कोणी नाही. पुरस्कारांचा विचार आत्ता करू नका. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला दर वर्षी वेगळा पुरस्कार देते, ५०,००० रुपयांचा, मराठीसाठी एक आणि कोकणीसाठी एक. मिळाला तर आनंदच आहे, पण त्याच्यासाठी लिहायला बसलात की शेवटच्या कडव्यात आजोबा परत उठतील.

तर तुमच्या चाळीस कविता. जूनपासून दर शनिवारी एक वाचा, "खि" मोजा. शेजारच्या दोन शाळांतल्या मैत्रिणींना मागे बसायला सांगा. वर्ष संपेल तेव्हा दहा-बारा उरतील आणि चार-पाच नव्या झालेल्या असतील, त्या बहुधा जास्त चांगल्या असतील. मग प्रकाशकाकडे जा. तोवर ते ३५,००० बँकेत राहू द्या.

राहिलं टोपणनाव. घ्यायचंच असेल तर पहिलीतल्या मुलाला वाचता येईल असं घ्या. मी तरुणपणी 'ज्योत्स्नेश' असं घेतलं होतं. पहिलं पुस्तक घेऊन शाळेत गेलो, एका चिमुरड्याने मुखपृष्ठावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, "ज्यो... ज्योत... ज्योत्स..." आणि तिथेच थांबून त्याने विचारलं, "सर, तुमका घरांत कितें म्हण उलयतात?" दुसऱ्या पुस्तकावर मी ते घरचंच नाव घातलं.